झाकण गार होईपर्यंत

बायको गेल्यापासून म्हातारा शिंपी लेकीच्या फोनची वाट बघत दिवस ढकलायचा. फोन यायचा, पण "जेवलात का, गोळ्या घेतल्यात का" एवढं विचारून ती घाईघाईने ठेवून द्यायची. त्या संध्याकाळी त्याने बटाटे तळायला गॅसवर तेल तापत ठेवलं, तोच तिचा फोन आला आणि त्याचं कढईवरचं लक्ष उडालं. तेल धुमसलं आणि भडकन पेटलं.

"अगं, तेल पेटलं!" म्हणत त्याने पाण्याचा तांब्या उचलला.

"बाबा, पाणी अजिबात नको, भडका उडेल! हात पोचत असेल तर गॅस बंद करा. वरून स्टीलचं झाकण सरकवा, आणि कढई हलवू नका."

त्याने अंग मागे ठेवून गॅस बंद केला आणि झाकण सरकवलं. जाळ आतल्या आत गुदमरला.

"आता उघडून बघू नका हं. गरम तेलाला हवा लागली की परत पेटतं. पार गार होऊ दे, तोवर मी फोनवरच आहे."

मग ती बोलत राहिली. ऑफिसातल्या कटकटी, नातीचा पडलेला दात. "आई असती तर तुम्हाला लाटणं घेऊन हाकललं असतं," ती म्हणाली आणि दोघंही हसली. बाहेर अंधारून आलं, तरी बोलण्यात खंड पडायला नको म्हणून त्याने दिवा लावला नाही.

"गार झालं का हो?"

त्याने झाकणावर तळहात टेकला. स्टील केव्हाच थंड पडलं होतं.

"कुठलं गं," तो म्हणाला, "अजून चटका बसतोय."