कोहळ्याखालचं कॉमिक

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, दृष्ट काढून रस्त्यावर फोडलेल्या कोहळ्याचा ओला वास आला की मल्लेश्वरममधलं ते पुस्तकांचं दुकान आठवतं. पदरमोड करून छापलेलं माझं पहिलं कॉमिक मी तिथे विकायला ठेवलं होतं. पूजेदिवशी गेले, तर पायरीला डाग पडू नयेत म्हणून दुकानदाराने माझ्या कॉमिकच्याच प्रती अंथरून त्यांच्यावर कुंकू भरलेला कोहळा फोडला होता. माझी नायिका लाल चिखलात भिजत होती.

“स्वल्प ॲडजस्ट करा, अक्का,” तो हसला. “नाहीतरी कोण घेतंय?”

तेव्हा मी रडत घरी आले. आता माझ्या प्रत्येक अंकातल्या राक्षसाला त्याचंच टक्कल आणि तेच हसू आहे. ते वाचून गल्लीतली पोरं दुकानदाराला राक्षस म्हणूनच हाक मारतात.

परवा त्याने हात जोडले. “अक्का, मारून टाका की त्याला एकदाचं.”

“स्वल्प ॲडजस्ट करा, अण्णा,” मी म्हटलं. “पुढच्या अंकात तो अमर होतोय.”