तळ्याच्या दोन्ही काठांवर दादा

मला लोकांचे आवाज काढता येतात. चाकूरच्या शाळेत असताना मी दारामागून हेडमास्तरांच्या आवाजात अर्ध्या दिवसाची सुट्टी देऊन टाकली होती. दोन वर्ग दप्तरं घेऊन घरी पोचले बी होते. त्यामुळं माझ्या चुलतभावानं, म्हणजे दादानं, त्याच्याच आवाजात फोनवर बोलायला सांगितलं तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं न्हाई.

दादाचं उदगीरला भांड्याचं दुकान हाय. गिऱ्हाइकासमोर कुकरच्या शिट्टीवर अर्धा तास बोलंल. पण पोरगी बघायला नेलं की तोंडाला कुलूप. पाच ठिकाणी जाऊन आला, पाची ठिकाणी नुसतं "हाव", म्हणजे हो, एवढंच म्हणून आला. सहावं स्थळ किनवटकडचं निघालं. पोरगी जंगलखात्यात वनरक्षक. फोटो बघून दादा दोन दिवस धड जेवला न्हाई. "हे स्थळ गेलं तर मी लग्नच करत न्हाई," म्हणला. आणि तिचा फोन आला तेव्हा त्यानं तो माझ्या कानाला लावला.

मी बोललो. एकदा न्हाई, चार वेळा. लई छान बोललो की. तिनं विचारलं जंगल आवडतं का, मी म्हणलो जीव हाय माझा जंगलावर. तिनं विचारलं चालता का, मी म्हणलो रोज पाच किलोमीटर.

"अबे गाढवा," दादा म्हणला, "मी घरून दुकानात स्कूटीवर जातो. मधी दोनच घरं हायत."

त्या पाच किलोमीटरवर भरवसा ठेवूनच तिनं निरोप धाडला. बघायचा कार्यक्रम घरात नको. डोंगरावर तळं हाय, तिथवर सागाच्या सावलीतून सोपी वाट हाय, दोन किलोमीटर. चालत चालत बोलू. दादाच्या मामी म्हणल्या, "आमच्या वेळी पोरीला म्हणायचे चालून दाखव. आता पोरानं चालून दाखवायचं!"

थंडीचे दिवस होते. मोठी माणसं म्हणून मामा-मामी, शिवाय दादा आणि मी, असे जीप करून गेलो. दादानं टोकदार बूट घातले होते, वरातीत घालतात तसले. पोरगी आणि तिचे वडील वाटेच्या तोंडाशी उभे होते. तिच्या पायात साधे कॅनव्हासचे. मामींनी तिथंच डब्यातले लाडू वाटले आणि "संपले" म्हणून डबा पिशवीत टाकला.

वाट खरंच सोपी होती. वर सुपाएवढी पानं, खाली गारवा, चढ म्हणावा तर चढ न्हाई. तरी मामांनी तीनदा विचारलं, "इकडं वाघ येतो का हो?"

"तुम्ही जरा गप बसलात तर येईल," तिचे वडील म्हणले.

पोरगी पुढं. वर न बघता, नुसत्या आवाजावरून पाखरांची नावं सांगत होती. तिच्या शेजारी दादा, लंगडत. अख्ख्या वाटेत एकदाच बोलला, "कोणतरी हंडा ठोकून राहिलंय."

"पाखरू हाय ते. तांबट."

"हाव," दादा म्हणला. संपलं.

तळं छोटं होतं, हिरवं, गप. मोठ्यांनी दोघांना बोलायला म्हणून समोरच्या काठावर धाडलं. तिचे वडील झाडाखाली आडवे झाले. आम्ही तिघं अलीकडं बसलो आणि बघतोय तर समोर दोघं नुसते पाण्याकडं बघून राहिलेत. वीस मिनिटं झाली.

"काय बोलत असतील रे?" मामींना राहवेना. "तू सांग की."

मला तेवढंच पाहिजे होतं. मी दोघांचे आवाज काढले. तिचा बारीक. दादाचा जाड, "मी रोज पाच किलोमीटर चालतो हो! जीव हाय माझा जंगलावर!" मामींनी तोंडात पदर कोंबला. त्या हसल्या की माझा आवाज चढतो.

पाण्यावरून आवाज सरळ पलीकडं जातो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

समोर पोरगी उठली. तिनं आधी दादाच्या बंद तोंडाकडं बघितलं, मग आमच्याकडं. आणि काठाकाठानं चालत आली. मागून दादा, बूट हातात घेऊन.

"फोनवर तुम्ही होता?"

घाबरून माझ्या तोंडून मामांचाच आवाज निघाला, "मी न्हाई!"

"मी कुठं काय बोललो?" मामा.

"त्याला मीच बसवलं होतं," दादा मागून म्हणला. "मला बोलता येत न्हाई. चालता बी येत न्हाई." त्यानं टाचेवरचे फोड दाखवले.

"मग येतं काय?"

दादानं हातातले बूट खाली ठेवले. "भांडं. वाजवलं की कसलं हाय ते सांगतो. डोळे झाकून."

तिनं मामींच्या पिशवीतून लाडवांचा डबा काढला, झाकणावर टिचकी मारली.

"पितळी," दादा डोळे मिटून म्हणला. "जुना हाय. एका बाजूला पोचा आलाय. आणि आत तीनेक लाडू हायत."

"संपले की ते!" मामी म्हणल्या.

तिनं झाकण उघडलं. तीन होते. एक दादाला दिला, एक स्वतः घेतला, एक वडिलांना उठवून दिला. मामींनी तळ्याकडं बघितलं.

"काय गं?" वडिलांनी विचारलं.

"जाताना आम्ही दोघं मागून हळूहळू येतो, बाबा. ह्यांना सगळ्यात पुढं धाडा," माझ्याकडं बोट करून ती म्हणली. "लई पुढं."

"म्हणजे हाव समजायचं का न्हाई?" मामांनी हळूच विचारलं.

वडिलांनी चपला घातल्या. "माझ्यासाठी बी ती कधी हळू चालली न्हाई. हाव समजा."

मी पुढं निघालो. मागून दादाचा आवाज येत होता, थांबता थांबेना. मधी मधी "बिडाची कढई", "तळ जाड", एवढंच कळत होतं. मी मान वळवली.

"पुढं बघ," मामा म्हणले.