चौदा दारांवरचा खडू

त्या वर्षी माझ्या स्कूटरवर तिरंग्याचे दोन स्टिकर होते, एक पुढे आणि एक मागे. सीमेवरची लढाई उन्हाळ्यात होऊन गेली होती आणि जयनगरातल्या आमच्या मराठी मंडळात जवानांच्या कुटुंबांसाठी एकामागून एक कार्यक्रम चालले होते. निवेदन माझ्याकडे असे. आवाज बरा होता. ‘मातृभूमी’ म्हणण्याआधी किती थांबलं की समोरची माणसं डोळे पुसतात, हेही मला सरावाने कळलं होतं. टाळ्या घेऊन घरी आलो की आपण देशासाठी काहीतरी केलं असं मला खरोखर वाटायचं.

थंडीच्या सुरुवातीला पोलिओच्या डोसांची मोहीम निघाली. रविवारी बूथवर डोस द्यायचे आणि सोमवार-मंगळवार घरोघर जाऊन राहिलेली मुलं शोधायची. सरकारी आरोग्य केंद्राने मंडळाकडे स्वयंसेवक मागितले तेव्हा मी सगळ्यांत आधी हात वर केला. ऑफिसातून दोन दिवसांची रजाही काढली. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आत मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड चालत आलेली, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. केंद्रातल्या एका आरोग्यसेविकेबरोबर माझी जोडी लावली.

ती निपाणीकडची. वय सत्तावन्न, निवृत्तीला काही महिने उरलेले. साडीवर कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला लसीचा निळा डबा. मी तिला अक्का म्हणू लागलो, ती मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. पहिल्याच दिवशी तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “इस्त्री चांगली आहे बघ शर्टाची. आज मोडंल.”

एचएसआर लेआउट तेव्हा नुसता आखलेला होता. रस्त्यांच्या रेघा, वाळूचे ढीग, अर्धवट उभी राहिलेली घरं, आणि त्यांच्या आडोशाला मजुरांच्या पत्र्याच्या शेड. रायचूर-गुलबर्ग्याकडून आलेली ही माणसं एक काम संपलं की मेस्त्री नेईल तिकडे जात. आमच्या वाट्याला हाच भाग आला होता.

सोमवारी सकाळी अक्काचं काम पाहिलं ते मी आजवर विसरलेलो नाही. मी दारात उभा राहून विचारायचो, “मुलं किती?” आतून उत्तर यायचं, “कुणी नाही.” दोन-तीन दारांनंतर अक्काने मला बाजूला घेतलं.

“असं इचारायचं न्हाई, तम्मा. पोरं मोजली की दृष्ट लागती म्हणतात. कोण सांगंल?”

“मग कसं विचारायचं?”

“आधी दोरी बघायची.”

दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे तिने बोट केलं. दोन झबली, एक लहान चड्डी, एक फ्रॉक. मग तिने त्याच बाईला हाक मारली आणि कन्नडमध्ये विचारलं, “काय गं, सकाळी दूध कुणाकुणाला लागतं तुझ्याकडं?” बाई हसली, आत गेली आणि तीन मुलांना घेऊन बाहेर आली. अक्काने प्रत्येकाच्या तोंडात दोन थेंब टाकले. एकाने थुंकले, तर त्याच्याशी गप्पा मारून पुन्हा टाकले. मग दारावर खडूने ‘पी’ काढला, म्हणजे या घरातल्या सगळ्यांना डोस मिळाला. एखादं मूल आईबरोबर कामावर गेलेलं असेल तर त्या दारावर फुली. मंगळवारचा दिवस फक्त फुल्यांसाठी होता. दर घराशी हे असंच, जणू तेच पहिलं घर. मी कंटाळलो की ती म्हणायची, “स्वल्प दमानं घे की.”

दुपारी तिने काम वाटून घेतलं. पलीकडची वस्ती ती करणार होती आणि शेवटची ओळ मी. चौदा शेड होत्या. तिने माझ्याकडे एक छोटा डबा, लसीच्या बाटल्या, खडू आणि मुलांची नोंद करायचा छापील तक्ता दिला.

संध्याकाळी मंडळाचा कार्यक्रम होता, देशभक्तिपर गाण्यांचा. निवेदन माझं. सहाला पोहोचायचं होतं आणि त्याआधी घरी जाऊन कुडता घालायचा होता. पहिल्या शेडचं दार बंद होतं. दुसऱ्या शेडपुढे एक कुत्रं बसलं होतं. मी घड्याळ पाहिलं आणि चालता चालता चौदाही दारांवर ‘पी’ काढत गेलो. एकही दार वाजवलं नाही. तक्त्यात अंदाजाने एकोणीस मुलं लिहिली.

मग लक्षात आलं की लस उरली आहे. एका बाटलीत वीस डोस असतात. एकोणीस मुलं लिहायची तर एक बाटली रिकामी दिसायला हवी. वाळूच्या ढिगामागे जाऊन मी ती बाटली ओतून टाकली. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा.

अक्का चौकात माझी वाट पाहत होती. तिने तक्ता घेतला आणि तिथल्या तिथे सही केली. “पटकन केलंस की. आपला तम्मा हुशार आहे,” असं म्हणाली. मी स्कूटर काढली. त्या संध्याकाळी टाळ्या खूप पडल्या.

मंगळवारी सकाळी आरोग्य केंद्रात गेलो तर अक्का बाकावर बसली होती. माझा तक्ता तिच्या मांडीवर होता.

“ये. गाणी चांगली झाली काय काल?”

“झाली, अक्का.”

“चौदा घरं, आन एक पण फुली न्हाई?”

“सगळी घरीच होती.”

“सोमवारी? कामाच्या दिवशी?”

“हो.”

तिने चष्मा काढला. “मग सांग बघू. दोरीवर काय काय होतं?”

मी एकही दोरी पाहिली नव्हती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने चष्मा पुसून परत लावला, बर्फाच्या पिशव्या डब्यात भरल्या आणि म्हणाली, “सरी. ऊठ.” सरी म्हणजे कन्नडमध्ये ‘ठीक आहे’.

रिक्षाने तिथे पोहोचलो तर शेडसमोर लॉरी उभी होती. निम्मे पत्रे उतरवून तिच्यात चढवले होते. भांडी, गोधड्या, कोंबड्यांच्या पाट्या आणि त्यांच्यात बसलेली मुलं. या टोळीचं इथलं काम संपलं होतं आणि मेस्त्री त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, यलहंक्याच्या पलीकडे नेत होता. आदल्या दिवशी एक जरी दार वाजवलं असतं तरी मला हे कळलं असतं.

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. अक्का थेट लॉरीपुढे जाऊन उभी राहिली. “स्वल्प थांब रे अण्णा! इंजिन बंद कर.”

“अम्मा, मेस्त्री ओरडेल मला.”

“त्याला सांग, एक म्हातारी आडवी आली. मग माझ्यावर ओरडू दे.”

आणि ती साडी खोचून लॉरीच्या मागच्या फळीवर चढली. सत्तावन्न वर्षांची बाई. मी खालून डबा दिला. वर तिने पातेल्यांमध्ये बसकण मारली आणि एकेका मुलाला जवळ ओढून डोस द्यायला लागली. मी खाली उरलेल्या शेडमध्ये फिरलो. दोऱ्या बघितल्या, दूध कुणाला लागतं ते विचारलं. शेवटून दुसऱ्या शेडच्या दारातली सासू ठामपणे म्हणाली, “आमच्यात लहान कुणी नाही.” मी पुढे निघालो होतो. अक्का लॉरीतून उतरून माझ्या मागे आली होती. शेडच्या मागच्या पत्र्यावर ओली दुपटी वाळत होती, ती तिने पाहिली. सासूच्या कानाशी लागून ती काहीतरी बोलली. सासू बाजूला झाली. आत साडीच्या पडद्याआड नऊ दिवसांची बाळंतीण होती. अजून बारसं झालं नव्हतं म्हणून बाळ आहे हेच कुणाला सांगायचं नव्हतं. अक्काने त्या इवल्या तोंडात दोन थेंब टाकले आणि म्हणाली, “नाव न्हाई अजून, तर मी पण कुणाला सांगत न्हाई.”

मी एकोणीस लिहिली होती. त्या दिवशी चोवीस मुलांना डोस मिळाले. शेवटची शेड मात्र रिकामी होती. ते कुटुंब पहाटेच्या लॉरीने पुढे गेलं होतं. शेजारणीने सांगितलं, त्यांची दोन मुलं, एक चालतं आणि एक अंगावरचं.

त्या दारावरचा माझा ‘पी’ अक्काने पदराने पुसला आणि तिथे फुली काढली.

“उद्या जाऊ या तिकडं,” ती म्हणाली.

“अक्का, उद्या मला ऑफिस आहे.”

“सरी,” ती म्हणाली. त्या शब्दात टोमणा नव्हता. तो मी मागून, घरी जाताना, स्वतःच घातला.

सहा आठवड्यांनी मोहिमेची पुढची फेरी आली. मी गेलो, हे मात्र खरं. सकाळी केंद्रात डब्यांत बर्फ भरताना मी धीर करून विचारलं, “ती दोन मुलं, अक्का?”

“मिळाली की. बुधवारी चुकीच्या साइटवर गेले. सगळ्या साइटी सारख्याच दिसतात रे. गुरुवारी परत दोन बस बदलून गेले. त्यातल्या थोरल्यानं चावलं बघ मला.” तिने अंगठा दाखवला आणि हसली.

फाइलीतून नवा तक्ता काढताना जुना वर आला. माझ्या एकोणीसवर आडवी रेघ होती आणि खाली तिच्या अक्षरात कन्नडमध्ये लिहिलं होतं: चौदा घरांची तपासणी न करता मी सही केली. त्यामागे टाचलेला कागद मेमो होता. केंद्राच्या डॉक्टरांनी तिला दिलेला. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीतला पहिला, आणि तोही निवृत्तीच्या तोंडावर.

“अक्का, माझं नाव का नाही लिहिलंत?”

“सही माझी होती. न बघता केली. तेवढं मी लिहिलं.” तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं. “तुझं तू लिहायचं.”

सव्वीस मुलांसाठी तिने तीन दिवस घातले, आणि स्वतःची चूक लिहायला तिला एक ओळ पुरली. या बाईच्या तोंडून ‘देश’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. मी तो शेकडो वेळा मायक्रोफोनवर उच्चारला होता.

डॉक्टर आपल्या खोलीत चहा पीत बसले होते. दार उघडं होतं. मी आत गेलो. काय बोलायचं ते मी दारातच ठरवलं होतं, एकच वाक्य होतं. अक्का डबा खांद्याला लावून दाराशी थांबली.

“काय हो?” डॉक्टरांनी वर पाहिलं.

“सर,” मी म्हणालो. “सर, आज बर्फाच्या पिशव्या कमी पडतील असं वाटतंय.”

डॉक्टरांनी अक्काकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं, क्षणभरच.

“पुरंल बर्फ,” ती म्हणाली. “चल तम्मा, उन्हाच्या आत शेडला पोचायला पाहिजे.”