सुट्टीसाठी राखलेली खिडकी

दूर उत्तरेतल्या तीर्थक्षेत्री, पंचगंगा घाटावरच्या आमच्या घराला नदीकडे उघडणारी एकच खिडकी होती, आणि नव्वदच्या दशकातली माझी बरीचशी वर्षं त्या खिडकीपाशी गेली. थंडीच्या पहाटे नदी दिसायचीच नाही, नुसतं वल्ह्यांचं डुबुक डुबुक ऐकू यायचं. मग धुकं विरता विरता एखादी नाव अधांतरी तरंगत यावी तशी पुढे यायची. हातातला चहा गार होईपर्यंत मी बघत राही. घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. हे फौजेत. पिढ्यान्‌पिढ्या मंत्र म्हणणाऱ्या घरातल्या मुलाने बंदूक धरली, याचं नवल नातलगांना कितीतरी वर्षं पुरलं.

लग्नानंतर हे पहिल्यांदा सुट्टीवर आले तेव्हा मी घर कसं लखलखीत ठेवलं होतं. फ्यूज बांधणं, नळाचा वायसर बदलणं, माकडांनी वाकवलेला अँटेना गच्चीवर जाऊन सरळ करणं, सगळं मला जमायला लागलं होतं आणि त्याचा तोराही होता. ह्यांनी साखरेचा डबा भलत्याच फळीवर शोधला, मग पाहुण्यासारखे खुर्चीत बसून राहिले. चार-पाच दिवसांनी हसत म्हणाले, "माझ्यावाचून तुमचं काही अडत नाही की." ते हसू मला मुळीच आवडलं नाही. माझ्या हुशारीचा मला रागच आला.

तेव्हापासून मी कामं राखून ठेवू लागले. लोक लोणचं मुरत ठेवतात, मी मोडतोड ठेवायची. कुरकुरणारं दार, डुगडुगणारं स्टूल, सगळं ह्यांच्या नावाने बाजूला. सासूबाईंना तो आळस वाटे. फौजीच्या बायकोचं कौतुक करणारे म्हणतात, ती सगळं एकटीने निभावते. निभावते, त्यात काय. पण हाताला जमणारं काम न करता बसणं किती अवघड, ते कोणी विचारत नाही.

दशकाच्या शेवटी शेवटी, एका हिवाळ्यात खिडकीची बिजागरी निखळली आणि झडप चौकटीत रुतून बसली. उन्हाळ्यात हे येणार होते, म्हणून तीही ठेवून दिली. उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली. सुट्टी रद्द झाल्याचा निरोप गल्लीतल्या एसटीडी बूथवाल्याने आणला, आणि नंतर कित्येक दिवस काहीच नाही. टीव्हीवर बर्फाचे डोंगर दिसले की मी तो बंद करी.

खोली दिवसाही काळोखी झाली. झडपेच्या फटीतून उजेडाची एक रेघ भिंतीवर यायची आणि पाण्यावरून परतलेलं ऊन तिच्यात हलत राहायचं. दुपारी खाटेवर पडून मी ती बघत असे. डोळा लागता लागता वाटायचं, हे बाहेरून हळूच झडप ढकलून बघतायत.

एक दिवस सासूबाई मला न विचारता सुताराला घेऊन आल्या. मी खिडकीला पाठ लावून उभी राहिले.

"सूनबाई, भर दिवसा बत्ती लावून बसतेस, हे ठीक नाही," त्या म्हणाल्या. "मिस्त्री आत्ता करून टाकेल."

"हे आल्यावर करतील."

"आणि त्याला उशीर झाला तर?"

"तर मी अंधारात बसेन," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

सुताराने आमच्या दोघींकडे पाहिलं आणि पिशवी उचलली. त्या दिवसापासून दुपारचा जप सासूबाई माझ्या खाटेवर बसून, त्या काळोखातच करू लागल्या.

कार्तिकात आमच्या घाटावर उंच बांबूंना करंड्या बांधून आकाशदिवे चढवतात, पितरांना वाट दिसावी म्हणून. दरवर्षी मी ते हौसेने बघत असे. त्या वर्षी ते दिसत नाहीत याचं मला बरं वाटलं. गेलेल्या माणसांसाठी लावलेले दिवे मला बघायचे नव्हते.

त्याच कार्तिकात एका संध्याकाळी हे आले. वाळलेले, काळवंडलेले. आईच्या पाया पडले, चहा घेतला आणि खोलीत येऊन विचारलं, एवढा अंधार कशाला. मी खिडकीकडे बोट केलं. ह्यांचा चेहरा काय उजळला म्हणून सांगू. लगेच हत्यारांची पेटी मागितली, मला झडप उचलून धरायला लावली, आणि थोड्या वेळाने खिडकी उघडली. बाहेर आकाशदिवे संथ डोलत होते, खाली पाण्यातही तसेच डोलत होते. आता मला त्यांची भीती वाटली नाही. सासूबाई दारात उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या.

सुट्टी संपली, हे गेले. त्या संध्याकाळी मी खिडकी लावायला गेले तर कडी हातात डुगडुगली. तिचा एक स्क्रू काढून चौकटीवर नीट ठेवलेला होता, आणि शेजारी पेचकस.

पेचकस मी पेटीत ठेवून दिला. स्क्रू होता तिथेच राहू दिला.