निकाल सांगायचा नाही

पेणच्या एसटी स्टँडवर सर्वेक्षण करणाऱ्या त्या मॅडम मला नेहमी भेटतात. गरीब आणि सुस्थितीतल्या घरांतल्या मुलांच्या शिक्षणात किती अंतर आहे, हे शोधणाऱ्या एका पाहणीसाठी त्या घरोघरी मुलांचं वाचन तपासतात. मूल अडखळलं तरी 'चूक' म्हणत नाहीत. 'बरं, पुढे' म्हणतात. निकाल घरच्यांना सांगायचा नाही, हा नियम त्या कडक पाळतात.

पेणजवळच्या जोहे गावात मी बातमीसाठी त्यांच्यासोबत गेलो होतो. तिथल्या एका घरच्या गणपतीमूर्तींच्या कारखान्यात सातवीतली मुलगी उतारा वाचायला बसली. तिचा बाप समोर येऊन उभा राहिला. बाजूला व्हायला सांगितलं तरी हलला नाही. मुलगी दुसऱ्या ओळीवर अडली.

"बरं, पुढे."

मुलगी त्याच शब्दावर बोट फिरवत राहिली.

"नाय ना येत?" बाप म्हणाला. "मॅडम, सरळ सांगा. नाय येत तर सोमवारपासून हिला रंगाला बसवतो. शाळेत बाकडी गरम करायला धाडू काय?"

त्यांनी उताऱ्याचा कागद त्याच्यापुढे धरला. "दादा, तुम्ही वाचा. मोठ्यानं. आम्ही सगळे उभे राहून बघतो."

कारागिरांचे हात थांबले. बापाने दोन शब्द वाचले, घसा खाकरला. मागे कोणीतरी हसलं.

"चष्मा नाय माझा," म्हणत त्याने कागद परत केला. मग मुलीकडे न बघता म्हणाला, "जाऊ दे सोमवारी शाळेला."

परतताना एसटीत मी म्हणालो, "शाळा टिकली तिची."

"टिकली," खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या. "पण वाचता येत नाही तिला. मी तसंच नोंदवलंय."