पाहणीची बोट

बेटांभोवतीच्या समुद्रात परके शिंपले घुसून इथल्या कालवांचा फडशा पाडतायत का, हे बघायची आमच्या भाऊजींना सरकारी नोकरी आहे. पाण्यात हात घालणं त्यांना कमीपणाचं वाटतं. बोटीच्या केबिनमध्ये पंख्याखाली लोळत ते "काही आढळलं नाही" असं वर कळवत राहिले. मग बोट जड झाली, चालेना. दुरुस्तीसाठी वर ओढली, तर तळाला तेच शिंपले गच्च चिकटलेले. बेटोबेटी ते भाऊजींनीच पोचवले होते.

ताईनं विचारलं, "आता लोकांना तोंड कसं दाखवणार?"

"फोटोत दाखवणार. शोध मीच लावलाय ना?"

कडक इस्त्रीचा शर्ट घालून त्यांनी बोटीपुढे फोटो काढून घेतला आणि बढती मागितली. निर्लज्जपणा फळला. आता सगळ्या पाहणी-बोटी त्यांच्याच हाताखाली आहेत.