मामंजींचा कागद

जगातली निम्मी भांडणं, सगळे अपघात आणि बहुतेक काडीमोड हे वेळेवर नीट चित्र न काढल्यामुळं होतात, असं ठाम मत असलेला एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि ते आमच्या ताईचे सासरे निघाले. ताई त्यांना मामंजी म्हणायची, म्हणून मीही मामंजीच म्हणायचो. बाप्या माणसानं हा शब्द वापरणं म्हणजे परंड्याच्या बाजारात हसू करून घेणं होतं, पण त्यांना दुसरी हाक शोभतच नव्हती. किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. स्टो, कंदील, बॅटऱ्या, गॅसबत्त्या, असा कुर्डुवाडीहून मोटारीच्या टपावर लादून येणारा माल. मी तेव्हा तहसिलीत नवा कारकून लागलो होतो आणि दोन्ही वेळा जेवायला ताईकडं असायचो. त्यामुळं मामंजींच्या नादिष्टपणाचा मला रोजचा रतीब होता.

नाद एकच. कुठलीही वस्तू विकली की तिच्यासोबत स्वतः बोरूनं काढलेला एक कागद द्यायचा. ही वस्तू कशी वापरायची त्याची चित्रं, आणि अक्षर औषधालासुद्धा नाही. खोक्यातनं निघणारे कंपनीचे छापील कागद इंग्रजीत असत. त्यांत मामंजी गिऱ्हाइकांच्या पोरांना फुटाणे बांधून द्यायचे. "ज्याला वाचता येतंय त्याला कागद लागत न्हाय, आन् ज्याला कागद लागतोय त्याला वाचता येत न्हाय. मग ह्ये छापलंय कुणासाठी, मुंबईच्या लाटसाहेबासाठी व्हय?" डॉक्टरच्या औषधाच्या बाटलीला कंपाउंडर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवतो ना, ती पाहिली की मामंजी अक्षरशः हात जोडायचे. "एक खाच, एक डोस. ह्याच्या म्होरं शहाणपण न्हाय बाबा!" तसली एक रिकामी बाटली त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी कायम असायची आणि ताईला ती रोज पुसावी लागायची.

सुरुवातीला चित्रांत हौस फार. बॅटरीत दोन्ही मसाले, म्हणजे सेल, एकाच दिशेला तोंड करून घालायचे, हे कळावं म्हणून त्यांनी एकामागं एक चाललेले दोन झोकदार बैल काढले, शिंगांना गोंडे, पाठीवर झूल. तिसऱ्या दिवशी रानातला एक गडी बॅटरी घेऊन परत आला. "सावकार, समदं बराबर बसलं. बैल तेवढं कुठं घालायचं?" दुसरा कुणी असता तर पोट धरून हसला असता. मामंजी हसले नाहीत. त्यांनी त्या गड्याला चहा पाजला, त्याच्यादेखत कागद फाडला आणि त्या दिवसापासून चित्रातले गोंडे, झुली, वेलबुट्टी सगळं हद्दपार झालं. चहा मात्र त्यांनी स्वतः केलेला होता. चहाचं चित्र ते फर्मास काढत, पण त्यांच्या हातचा चहा पिऊन तो गडी पुन्हा दुकानाची पायरी चढला नाही.

कागद बाजारात जाण्याआधी त्याची परीक्षा व्हायची, आणि परीक्षक होती आमची ताई. इथं थोडं घरचं सांगायला हवं. आई सदा अंथरुणाला खिळलेली, त्यामुळं घर ताईच्या गळ्यात पडलं आणि शाळेत मी गेलो. 'तिला काय कळतंय' हे वाक्य आमच्याकडं मीठमिरचीसारखं रोज लागायचं. शेवटी ती स्वतःच म्हणायला लागली, "मला मेलीला काय कळतंय." लग्न होऊन परंड्याला आली आणि पहिल्याच महिन्यात मामंजींनी तिच्यापुढं कंदिलाचा कागद ठेवला. ती बराच वेळ बघत बसली आणि तेच म्हणाली. मामंजी चमकले. "तुला कळलं न्हाय म्हंजी कागद चुकला. तू कशी चुकशील? कागद तू काढलायस व्हय?" आणि टर्रकन फाडला की हो! ताईनं मला हे सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचं नवल मी अजून विसरलेलो नाही. परीक्षेचा नियम असा, की समोरचा माणूस कागद बघून वस्तू चालवत असताना आपण चकार शब्द काढायचा नाही. मामंजींना ते जमत नसे. म्हणून ते तेवढा वेळ उपरण्याचा बोळा तोंडात धरून उभे राहायचे.

दुकानासमोर मुन्शीजी राहायचे. निजामाचं राज्य गेलं, कचेरी उर्दूतनं मराठीत आली आणि आमच्याच तहसिलीतले हे जुने मुन्शी पेन्शनीत निघाले. बायको गेलेली, मूलबाळ नाही, हातानं करून खायचे. मामंजींचा आणि त्यांचा दुपारचा पानाचा डबा एक. चुलीच्या धुरानं मुन्शीजींचे डोळे इतके बिघडले होते की समोरचा माणूसही पाणावलेला दिसायचा. मामंजींनी त्यांना आग्रहानं स्टो दिला आणि सोबत आजवरचा सगळ्यांत सुबक कागद. तीन चित्रं ओळीनं: वाटीत स्पिरिट घाला, काडी लावा, स्टोचं डोकं तापलं की पंप मारा.

दुसऱ्या दिवशी मुन्शीजींच्या घरातनं भडका दिसला. एक भुवई आणि निम्मी मिशी गेली, उजवा हात पोळला. मामंजी धावत गेले आणि घाबरलेल्या माणसासारखे ओरडले, "अहो, कागद बघायचा न्हाय का!" मुन्शीजी शांतपणे म्हणाले, "शेठ, आपल्या कागदाबरहुकूमच केलं आम्ही." एवढं बोलून त्यांनी दार लावून घेतलं.

मामंजी खचले. दुकानातले सगळे कागद उतरवले, स्टो विकणं बंद केलं, बोरू आढ्याला खोचून टाकला. "माझ्या कागदानं माणूस भाजला," एवढंच म्हणायचे. समोर मुन्शीजींची चूल पुन्हा धुमसायला लागली. तो धूर दिसला की मामंजी दुकानात पाठ फिरवून बसत. पानाचा डबा मधेच पडून राहिला. दोन म्हातारी माणसं रस्त्याच्या दोन बाजूंना अशी झुरत बसली.

शेवटी ताई उठली. भाकरी-पिठलं घेऊन मुन्शीजींकडं गेली, सोबत मी. तिनं तोच कागद त्यांच्यापुढं धरला. "चाचा, पयल्यापास्नं कसं केलं तेवढं बोटानं दावा." मुन्शीजींचं पट्टी बांधलेलं बोट उठलं आणि थेट उजव्या टोकाच्या चित्रावर टेकलं. आधी पंप, मग काडी! न तापलेल्या डोक्यातनं उडालेल्या रॉकेलचाच तो भडका. जन्मभर उर्दू लिहिलेला माणूस, त्याचा डोळा उजवीकडूनच निघणार. मामंजींचे कागद तपासून तपासून ताईला डावीकडची सवय झालेली, म्हणून परीक्षेत हे निसटलं. मामंजी स्वतः शिकले होते निजामाच्या सरहद्दीपलीकडं, बार्शीला, आजोळी राहून, मराठीत. सरहद्द केव्हाच पुसली होती, पण डोळ्यांना ते कुणी कळवलं नव्हतं.

दुकानात येऊन आम्ही हे सांगितलं तसा मामंजींनी कपाळावर हात मारला. मग लगेच म्हणाले, "दोन तऱ्हेचे कागद काढू. उर्दूवाल्यांना उलटा, मराठीवाल्यांना सुलटा."

"आन् माझ्यासारखीला कंचा देणार?" ताई म्हणाली. "एकाखाली एक काढा की, मामंजी. उर्दूत असू द्या न्हायतर मराठीत, पाणी वरनं खालीच जातंय."

आढ्याचा बोरू खाली आला. नवा कागद उभा होता. मामंजींनी तो मुन्शीजींच्या दारात नेला आणि स्वतः उंबऱ्याबाहेरच थांबले, मागं ताई आणि मी. मुन्शीजींनी कागदाकडं बघितलं, मग मामंजींकडं. नको म्हणाले असते तर मामंजी पुन्हा बोरूला शिवले नसते, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मुन्शीजींनी न पोळलेल्या हातानं स्पिरिट ओतलं. काडी ओढली. मामंजींनी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला आणि डोळे गच्च मिटले. डोकं तापल्यावर पंप बसला आणि स्टो भर्र करून लागला, निळा, सरळ. "शेठ," आतनं आवाज आला, "चाय आम्ही बनवतो. आपण बनवू नका." मामंजी ढसाढसा रडले आणि बोळा काढायचा विसरले.

पुढं माझी बदली झाली. मुन्शीजी गेले, पाठोपाठ मामंजीही गेले. परवा ताईकडं गेलो तर दाजींनी सोलापूरहून प्रेशर कुकर आणला होता. सोबत गुळगुळीत छापील कागद, चित्रंच चित्रं, त्यांना बाण, बाणांना आकडे. ताई तो घेऊन स्वयंपाकघरात बसली, आडवा बघितला, उभा बघितला. मी समजावून सांगायला तोंड उघडलं तर तिनं हातानंच गप्प केलं. आता 'मला मेलीला काय कळतंय' ऐकावं लागणार म्हणून मी मनातल्या मनात हळहळलो. ताईनं कागदाची नीट घडी घातली, देव्हाऱ्याशेजारच्या त्या रिकाम्या बाटलीकडं एकदा बघितलं आणि म्हणाली,

"कागद चुकलाय. ह्यो काढणाऱ्याच्या घरात सून न्हाय वाटतं."